पांढऱ्या गल्लीतलं मळकट घर

स्पेनला लोक बैलांची झुंज बघायला जातात, नाहीतर समुद्रात डुंबायला. मी गेलो बकलं विकायला. पर्स, बॅगा आणि पट्ट्यांना लागणारी पितळी बकलं, खटके, कड्या माझ्या अंधेरीच्या गाळ्यात तयार होतात. दक्षिण स्पेनच्या डोंगरात उब्रिके नावाचं गाव आहे, तिथे घरोघरी चामड्याच्या पर्स शिवतात, हे एका दलालाच्या तोंडून निसटलं. दलालाच्या तोंडून निसटतं ते मी जमिनीवर पडू देत नाही. नमुन्यांची पेटी भरली आणि तिकीट काढलं.

बायको बरोबर आली ती स्वतःची अट घालून.

"विमान लंडनला बदलायचं ना? मग परतताना अजितला भेटायचं. नाहीतर तुम्ही जावा एकटे."

"त्याचं नाव घरात काढायचं नाही असं ठरलंय."

"तुमचं ठरलंय. माझं कधी ठरलं?"

अजित आमचा मुलगा. लंडनला एका हॉटेलच्या भटारखान्यात काम करतो. तो गेला याचा मला राग नाही. मीसुद्धा मिसरूड फुटायच्या आत कणकवलीहून निघून मुंबईला आलो होतो. राग आहे तो वेगळा. मागच्या वर्षी त्याच्या धाकट्या बहिणीचं, शुभाचं लग्न झालं आणि हा आला नाही. कानपिळीची वेळ आली तेव्हा भटजींनी विचारलं, "मुलीचा भाऊ कुठे आहे?" भरल्या मांडवात मी नुसता उभा. शेवटी भाच्याला पुढे ढकलला, त्याने जावयाचा कान पिळला, लोक हसले, फोटो निघाले. त्या फोटोत माझा मुलगा नाही. अजितचं म्हणणं, रजा मिळाली नाही. मी म्हणतो, बहिणीच्या लग्नाची रजा मिळत नसते, घ्यावी लागते. तेव्हापासून मी त्याच्याशी बोललो नव्हतो. सुमन, म्हणजे माझी बायको, शेजारच्या डॉक्टरांच्या फोनवरून बोलायची. ते मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे तिलाही.

अट मी मान्य केली नाही, मोडूनही काढली नाही. "बघू" म्हणालो. या एका शब्दावर मी धंद्यात बरीच वर्षं काढली आहेत.

मालागा

विमानतळावर लछू उभा होता. हा मूळचा उल्हासनगरचा सिंधी, मालाग्यात घड्याळं आणि रेडिओ विकतो. माझ्या ओळखीच्या व्यापाऱ्याने त्याला गळ घातली होती की आम्हाला चार दिवस गाडीतून फिरव आणि दुभाष्याचं काम कर. त्याची भाषा म्हणजे हिंदी, मराठी आणि स्पॅनिश यांची मिसळ. आम्हाला बघून त्याने पहिला प्रश्न विचारला, "भाभी, दाल-पकवान की कुछ खबर? उल्हासनगरमधे अजून मिळतं ना?" जसं काही दाल-पकवान त्याचा आजारी नातेवाईकच.

किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात त्याने तळलेले छोटे मासे मागवले. सुमनने एक तोंडात टाकला आणि डोळे मोठे केले.

"अहो, ही तर मांदेली! हळद नाय, तिखट नाय, पण मांदेलीच."

नंतर वाडग्यात थंडगार टोमॅटोचं सार आलं, लसूण घातलेलं. उन्हाळ्यात हे लोक तेच पितात. बरं होतं, पण सोलकढीची सर नाही. भिंतीवर ओळीने डुकराच्या तंगड्या टांगलेल्या होत्या, खूर दिसताहेत अशा. सुमन त्यांच्याकडे पाठ करून बसली आणि पुढे चार दिवस प्रत्येक हॉटेलात आधी पाठ कुठे करायची ते बघूनच खुर्ची निवडत होती.

रोंदा

मालाग्याहून रस्ता डोंगरात शिरला. दोन्ही बाजूंना ऑलिव्हची झाडं, ओळीत लावलेली, आपल्याकडच्या काजूच्या बागांसारखी, फक्त माती पांढुरकी. मधे मधे फड्या निवडुंग. आपण तो कुंपणाला लावतो, हे लोक त्याची फळं खातात.

रोंदा हे गाव कड्याच्या टोकावर बसलेलं आहे. मधोमध एवढी खोल दरी की तळातली नदी दोऱ्याएवढी दिसते, आणि तिच्यावर जुना दगडी पूल. पुलाच्या एका अंगाला मुसलमानी अमदानीतलं जुनं गाव, दुसऱ्या अंगाला नवं. नवं म्हणजे तेही दोनशे वर्षांचं. खाली कावळ्यांसारखे काळे पक्षी उडत होते आणि आपण त्यांच्या पाठी वरून बघत होतो. पक्ष्याची पाठ मी त्याआधी कधी पाहिली नव्हती.

मी तिथे एका दुकानात सुमनसाठी पंखा घ्यायला गेलो. दुकानदाराने किंमत सांगितली, मी निम्मी सांगितली. त्याने पंखा मिटला, पेटीत ठेवला, पेटी कपाटात ठेवली. मी दारापर्यंत गेलो, हाक येईल म्हणून थांबलो. हाक आलीच नाही. उलट दोन वाजले म्हणून त्याने माझ्यामागे शटर ओढलं.

"शेठ, इधर भाव नहीं करते," लछू म्हणाला.

"मग बोलतात काय गिऱ्हाइकाशी?"

"हवापानी. घरचे लोक. बच्चे कितने हैं."

"आणि दुपारी दुकान बंद करून?"

"झोपतात."

उब्रिके

उब्रिकेतही तेच. ज्याला बकलं विकायची तो कारखानदार आम्हाला सरळ जेवायला घेऊन गेला. मी पेटी उघडली की तो झाकण लावायचा आणि माझ्या ताटात काहीतरी वाढायचा. जाड बटाट्याचं ऑम्लेट, बकरीचं चीज, पाव. मी आतून उकळत होतो. माणूस दिवसभर जेवत राहिला तर माल कधी विकला जाणार? शेवटी त्याने विचारलं, मुलं किती. सुमनने बोटांनी दोन दाखवली. तो म्हणाला, मुलगा तुमच्याच कारखान्यात असेल. लछूने हिंदीत सांगितलं आणि मी म्हणालो, "सांग, मुलगा लंडनला मोठ्या हुद्द्यावर आहे." सुमनने पावाचा तुकडा मोडता मोडता माझ्याकडे बघितलं.

त्यानंतर त्याने बकलं पाहिली, दाताखाली एक चावून पाहिलं, आणि माझाच भाव पहिल्या झटक्यात मान्य केला. मला आनंद व्हायला हवा होता. पण ज्याच्याशी घासाघीस झाली नाही तो सौदा मला सौदा वाटतच नाही. मी उगाच त्याला विचारलं, दोन महिन्यांनी माल पोचला तर चालेल ना? तो म्हणाला, चालेल. वाट लागली. भांडायला जागाच ठेवली नाही माणसाने.

साआरा

नकाशावर नाव निराळं लिहिलं आहे, पण लोक साआरा म्हणतात. उंच सुळक्यावर पडका किल्ला, त्याच्या पायाशी गाव. दुरून वाटतं कुणीतरी डोंगरावर धुतलेल्या चादरी वाळत घातल्या आहेत. जवळ गेलं की गल्ल्या, पायऱ्या, आणि सगळी घरं चुन्याने पांढरीफेक. खिडक्यांना लोखंडी गज, गजांना तेलाचे रिकामे डबे अडकवलेले आणि डब्यांत लाल फुलं. आमच्या मुलुंडच्या गॅलरीत तुळस डालड्याच्या डब्यात आहे. सुमनला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

त्या आठवड्यात त्यांचा मोठा सण होता. देवाची मिरवणूक गल्लीगल्लीतून निघते, रस्त्यावर हिरवं गवत अंथरतात, भिंतींना झाडांच्या फांद्या लावतात. त्यासाठी सगळा गाव कामाला लागलेला. गणपतीआधी आमच्या गावात असते तीच धांदल. बायका लांब काठीला ब्रश बांधून वरपासून भिंत रंगवत होत्या आणि एकमेकींना काहीतरी ओरडून सांगत होत्या. नक्कीच टोमणे. टोमण्याचा सूर सगळीकडे एकच असतो.

लछू आता पुरता तिथला झाला आहे. दोन वाजले आणि तो गाडीत आडवा झाला. आम्ही दोघं चालत वर गेलो. आणि त्या लखलखीत गल्लीत आम्हाला एकच घर दिसलं मळकट. करड्या भिंती, पोपडे निघालेले, खाली ओल. डाव्या-उजव्या घरांचा चुना अजून ओला होता, हे मात्र तसंच. दारात बुटक्या खुर्चीवर एक म्हातारी बसली होती. अंगावर नखशिखान्त काळे कपडे.

मी थांबलो. "सुतकाचं घर दिसतंय."

सुमनलाही तेच वाटलं होतं. आपल्याकडे घरात कुणी गेलं की त्या वर्षी रंग नाही, तोरण नाही, सण नाही. आपल्याकडे विधवेला पांढरं, इथे काळं, हे लछूने सांगितलंच होतं. एवढ्या सणात एकटी बसलेली म्हातारी बघून सुमनचा पाय निघेना.

"दारावरून असंच कसं जायचं? आणि रिकाम्या हाताने जाऊ नये."

"ओळख ना पाळख."

"मयताच्या घरी ओळख लागत नाय."

तिच्या पिशवीत रव्याचे लाडू होते, पण अशा घरी गोड नेत नाहीत. म्हणून तिने कोपऱ्यावरच्या बारमधून पाव आणि बटाट्याचं ऑम्लेट बांधून घेतलं. आम्ही गेलो. सुमनने पुडी म्हातारीच्या मांडीवर ठेवली, तिचा हात हातात घेतला आणि डोळ्यांना पदर लावला. तिला रडू पटकन येतं, परक्यासाठीसुद्धा. मी समोरच्या पायरीवर बसलो आणि खाली बघत राहिलो. म्हातारीने एक-दोनदा काहीतरी विचारलं. मी वर आभाळाकडे बोट दाखवलं आणि मान हलवली. म्हणजे, त्याची इच्छा, आपल्या हातात काय आहे. थोड्या वेळाने उठलो, हात जोडले, आणि रीतीप्रमाणे "येतो" न म्हणता, मागे वळून न बघता चालू लागलो.

वळणावर पोचलो आणि मागून किंकाळी आली.

"पाको! पाको!"

म्हातारी दारात उभी राहून छाती बडवत होती. घराघरांतून बायका धावल्या. एकीने माझी बाही धरली. तिच्या हातात चुन्याचा ब्रश तसाच होता, आणि माझ्या नव्या सफारीवर खांद्यापासून खिशापर्यंत पांढरा पट्टा. माझं डोकं फिरलं. मी हिंदीत ओरडलो, मराठीत ओरडलो, मग मालवणीत. त्या सगळ्या मिळून त्यांच्या भाषेत. आवाज ऐकून लछू डोळे चोळत पळत आला.

"शेठ, क्या किया आपने? ये बोलती है, तुम दोनों उसके बेटे की मौत की खबर लाए!"

"मी? अरे, मी सांत्वनाला गेलो होतो!"

"किसके?"

"तिच्या घरी जो कोण वारला त्याच्या!"

"कोई नहीं मरा, शेठ!"

सुमन मटकन पायरीवर बसली. "अरे देवा. आधी इचारूचा तरी होता."

"मी विचारू? तूच ऑम्लेट बांधलंस!"

लछूने गल्लीत सगळ्यांना समजावलं. काळे कपडे नवऱ्याच्या दुखवट्याचे, तो फार वर्षांपूर्वी गेला. म्हातारीचं नाव रेमेदियोस. मुलगा पाको जर्मनीत कारखान्यात. दोन परदेशी माणसं कुठूनतरी येतात, रडतात, आभाळाकडे बोट दाखवतात आणि एक शब्द न बोलता निघून जातात. आई दुसरं काय समजणार? पण लछूच्या शब्दांवर तिचा विश्वास बसेना. शेवटी बारवाल्याने तिला हाताला धरून बारमध्ये नेलं. गावात बाहेर बोलायचा फोन तेवढाच. पाकोच्या वसतिगृहाचा नंबर त्याच्याकडे होता.

आम्हीही मागून गेलो. पळून जायचा विचार मनात आला नाही असं नाही, पण सुमनने माझा हात सोडला नाही.

फोन लागायला वेळ लागला. कुणीतरी पाकोला बोलवायला गेलं. बारमधले सगळे पत्ते खाली ठेवून बसले. रेमेदियोसने रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाला दाबला होता. मग पलीकडून एक जाडा आवाज आला आणि म्हातारीचा चेहरा फुलला, आणि त्याच क्षणी ती इतक्या मोठ्याने शिव्या द्यायला लागली की सगळा बार हसला. लछू हळूच सांगत होता. जिवंत आहेस तर लिहायला काय झालं. दोन माणसं आली, एकाची मिशी यमासारखी होती. (लछूने "यम" घातलं असणार, तिने सैतान म्हटलं असेल.) मग तिचा आवाज खाली आला. सणाला येणार ना? पलीकडचा बराच वेळ बोलत होता. ती "सी, सी" म्हणत राहिली. फोन ठेवला.

"तो येत नाही," लछू म्हणाला. "शेजारच्या अंतोनियोकडून चुना लावून घे, मी पैसे पाठवतो, म्हणाला."

दरवर्षी घराला चुना तोच लावायचा. तीन सण झाले, आला नाही. गल्लीतल्या बायका तिला बोल लावतात, मिरवणूक जाते तेव्हा तिच्या भिंतीवर जास्तीच्या फांद्या लावून झाकतात. पण ती कुणाला हात लावू देत नाही.

मी बाह्या सरसावल्या. "सांग तिला, भिंत मी रंगवून देतो. आत्ताच्या आत्ता. माझ्यामुळे त्रास झाला, मी भरपाई करतो. गाळ्याला मी स्वतः चुना मारलाय, काम चोख होईल."

म्हाताऱ्या बाईने ऐकून घेतलं आणि मानेनेच नाही म्हटलं. लछूकडे बघून दोन वाक्यं बोलली.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, दुसऱ्याने चुना लावला तर तो कशाला येईल?"

बारवाला पेले पुसत होता. तेवढ्यात सुमन उठली, फोनजवळ गेली आणि लछूला आकडे सांगू लागली. लंडनचा नंबर तिला तोंडपाठ होता. बारवाल्याने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, "थांब" म्हणावं. पण म्हणालो नाही.

ती बोलली ते ऐकू येत होतं. जेवतोस ना, आवाज का बसलाय, आम्ही स्पेनला आहोत, हो रे, खरंच स्पेनला. मग तिने रिसीव्हर माझ्यापुढे धरला. हात लांब करून.

"हॅलो," मी म्हणालो.

"बाबा?"

वर्षभर तो आवाज ऐकला नव्हता. गल्लीत मुलं खेळत असली आणि कुणी "बाबा" म्हणून ओरडलं की मी आत जाऊन रेडिओ लावायचो. आता तोंडातून निघालं ते भलतंच.

"कानपिळीला भाच्याला उभा केला मी! कळतंय तुला?"

"तुम्हाला पत्रात लिहिलं होतं, मला—"

"पत्र मांडवात उभं राहतं का रे?"

"रजा घेतली असती तर नोकरी गेली असती, बाबा!"

"गेली असती तर गेली असती! माझ्या किती गेल्या!"

"तुम्ही कधी ऐकून घेता?"

"आणि तू कधी सांगतोस?"

असं चाललं. मी टेबलावर हात आपटले, त्यानेही तिकडे काहीतरी आपटलं असावं. बारमधले लोक शांत बसून ऐकत होते. लछू भाषांतर करत नव्हता आणि कुणी त्याला विचारतही नव्हतं. सुमन मला थांबवेल असं वाटलं होतं, पण ती तोंडाला पदर लावून बसली होती, आणि पदराआड ती रडत होती की हसत, ते मी अजून विचारलेलं नाही. रेमेदियोसने पायाने एक खुर्ची माझ्याकडे सरकवली. लांबणार हे तिला कळलं असावं.

शेवटी मीच म्हणालो, "हे फोनवर व्हायचं नाही. शनिवारी दुपारी लंडनच्या विमानतळावर ये. विमान बदलायला मधे वेळ आहे."

"शनिवारी माझी पाळी—" तो थांबला. "येतो," म्हणाला.

बेहेर

शेवटचा दिवस बेहेरला. हेही डोंगरमाथ्यावरचं पांढरं गाव, पण इथून समुद्र दिसतो, आणि हवा स्वच्छ असली तर समुद्रापलीकडे आफ्रिकेची निळी रेघ. संध्याकाळी बायका दाराशी खुर्च्या टाकून रस्त्याकडे पाठ करून, घराकडे तोंड करून बसतात. आपण नेमकं उलटं बसतो. लछू त्या निळ्या रेघेकडे बघत म्हणाला, "शेठ, त्याच्या पलीकडे, पलीकडे, पलीकडे उल्हासनगर." आम्ही तिघं खूप वेळ तिकडे बघत राहिलो. सुमनने पिशवीतले उरलेले लाडू लछूला दिले. त्याने एकही खाल्ला नाही, डबा तसाच मांडीवर ठेवून बसला.

लंडन

अजित आला होता. वाळला आहे. अंगात कुणाचा तरी ढगळ कोट, बोटांवर भाजल्याचे डाग. सुमनने त्याला जवळ घेतलं, त्याच्या गालांवरून हात फिरवला. माझ्या पाया पडला. मी "असू दे, असू दे" म्हणालो आणि लगेच फोनवरचं भांडण जिथे सुटलं होतं तिथून धरलं. त्यानेही सोडलं नाही. चहा घेताना भांडलो, बाकावर बसून भांडलो. मधेच त्याने विचारलं, गाळ्यातलं जुनं प्रेस यंत्र अजून अडकतं का, तेल कोण घालतं. मी सांगितलं, मग परत भांडलो. तो माझ्यासारखा दिसतो हे माहीत होतं. माझ्यासारखा भांडतो हे तिथे कळलं. मुद्दा पकडून ठेवतो, सुटू देत नाही.

आमच्या विमानाची घोषणा झाली. तो म्हणाला, "बाबा, आता ऐकाच. चूक माझी होती, मी मान्य करतो. मिटवून टाका."

आयुष्यात समोरच्याने एवढा चांगला भाव मला कधी दिला नव्हता. पण मला रेमेदियोसची मळकट भिंत आठवली. मी पेटी उचलली.

"असं उभ्या उभ्या नाही मिटत," मी म्हणालो. "मुलुंडला ये, मग बोलू."